चाळीस मिलिअँपिअर

मंडळी, या शनिवारचा विषय जरा घरगुती आहे. गणपती ते दिवाळी या काळात गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात जेवढी वायर उघड्यावर लोंबते तेवढी बाकी वर्षभरात कधीच लोंबत नसेल. गॅलरीच्या कठड्याला, मखराला, कंदिलाला, तुळशीला, जिन्याच्या लाकडी खांबाला. हल्ली सगळी एलईडीची. आणि कोणी काळजीने काही म्हटलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "अहो, एलईडी आहे, त्याला करंट कितीसा लागतो!"

हे वाक्य एकदा नीट तपासून बघावं असं बरेच दिवस मनात होतं. कोड असो वा वाक्य, "कितीसा" म्हटलं की आकडा विचारायची खोड आम्हा लोकांना असतेच.

हिशोब सोपा आहे. साधा ९ वॉटचा एलईडी बल्ब, घरात येणारे २३० व्होल्ट. नऊला दोनशे तीसने भागा. आले सुमारे ०.०४ अँपिअर, म्हणजे ४० मिलिअँपिअर. (पॉवर फॅक्टर धरला तर आणखी जास्त, पण तूर्त सोडून देऊ.) आता दुसरा आकडा. माणसाला शॉकपासून वाचवणारी जी उपकरणं बऱ्याच देशांत वापरतात, त्यांची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवलेली असते. त्यापुढे करंट छातीतून काही क्षण वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडायची भीती. म्हणजे एलईडीला लागणारा "कितीसा" करंट माणूस मरायला पुरेसा आहे.

मग घरातला फ्यूज किंवा एमसीबी काय करतो? अशा वेळी काहीही करत नाही. दिव्याच्या सर्किटचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे आपल्या चाळीस मिलिअँपिअरच्या दीडशे पट. त्याच्या दृष्टीने तुम्ही शॉक खाताय म्हणजे घरात आणखी एक छोटा बल्ब लागला, बस. तो असा आंधळा का, हे कळायला जरा मागे जावं लागतं. चांगलं दीडशे वर्षं.

मुंबईच्या रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्ये. गॅस कुठून यायचा? परळ-लालबागच्या कारखान्यातून. लालबागला गॅस कंपनी लेन अजून आहे, आणि तिथे राहणाऱ्या तरुण मंडळींना ती कसली गॅस कंपनी असं विचारलं तर बहुतेक जण एचपी किंवा भारत गॅस म्हणतील! विजेचा दिवा मुंबईने पहिल्यांदा पाहिला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. पुढच्या वर्षी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी नावाच्या कंपनीशी करार केला, मार्केटात आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावायचे म्हणून. त्यानंतर वर्षभरात कंपनीचं दिवाळं वाजलं आणि मार्केट गुपचूप परत गॅसवर गेलं. पहिली आवृत्ती प्रॉडक्शनमध्ये पडली, रोलबॅक :-)

गंमत म्हणजे त्याच मार्केटपासून चालत पाच-सात मिनिटांवर आज लोहार चाळ आहे, जिथून अख्ख्या मुंबईची एलईडी येते.

पण वीज मुंबईत खऱ्या अर्थाने स्थिरावली ती घरांत नाही, गिरण्यांत. आणि ही गोष्ट गिरणगावातल्या आपल्या आजे-पणजोबांच्या अंगावरून गेलेली आहे. गिरणीत विजेचे दिवे नव्हते तोवर कामाला निसर्गाने घातलेली एक हद्द होती. दिवस उजाडला की भोंगा आणि मावळला की सुटी. कापसाच्या भुग्यात गॅसची उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रण. विजेच्या दिव्याने ही हद्दच पुसून टाकली. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती आणि मुंबईच्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. कामगारांनी त्या वर्षी विरोध केला, काम बंद पाडलं, पुढे सरकारने चौकशीचा आयोग नेमला आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. बारा तास, आणि तोही विजय! म्हणजे लालबाग-परळच्या माणसाच्या आयुष्यात विजेचा दिवा आधी आला तो लांबलेली पाळी म्हणून. घरी मात्र तो रॉकेलच्या चिमणीखालीच जेवत होता.

फेब्रुवारी १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून वीज मुंबईला आली. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटातून खाली सोडायचं, खोपोलीला जनित्र फिरवायचं आणि सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून वीज थेट परळच्या रिसीव्हिंग स्टेशनला. तिथून गिरण्यांना. जमशेटजींची कल्पना, पण ते १९०४ मध्येच गेले होते, पूर्ण केली मुलांनी. तीही वीज गिरण्यांसाठीच.

घरगुती विजेची गोष्ट वेगळी आहे. ती बेस्टची. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नगरपालिका, जुनी ट्रामवे कंपनी आणि लंडनची ब्रश इलेक्ट्रिकल कंपनी यांच्यात करार झाला आणि 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' उभी राहिली. वाडी बंदरला वीजघर, १९०७ मध्ये विजेची ट्राम. आणि हळूहळू, ज्यांना परवडेल त्यांच्या घरी दिवे. नगरपालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली ती तारीखही ७ ऑगस्टच, साल १९४७.

इथे आपल्या विषयाचा खरा गाभा आहे. कंपनी लंडनची, म्हणून सामान आणि पद्धतीही तिथल्याच. आपल्याकडचा पिनवाला होल्डर, ज्यात बल्ब दाबून फिरवायचा, तो ब्रिटिश. अमेरिकेत आणि युरोपात आट्याचा असतो. गोल पिनांचा प्लग ब्रिटिश. पाच अँपिअरचा छोटा आणि पंधराचा मोठा ही विभागणीसुद्धा ब्रिटिश. (नव्या मानकात ६ आणि १६ झाले, पण वायरमनच्या तोंडात अजून पाच आणि पंधराच.) पूर्वी दिवे-पंख्याच्या विजेचा दर वेगळा आणि शेगडी-इस्त्रीच्या विजेचा वेगळा असायचा, म्हणून वायरिंगही वेगळं. "पॉवर पॉइंट" हा शब्द तिथला. नाहीतर दुसऱ्या पॉइंटमधून काय दूध येतं?

गोल पिनांचं ब्रिटिश मानक १९३४ चं. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरं नव्याने बांधताना ब्रिटिशांनी ते मोडीत काढलं. चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला, त्याचं मानक छापून आलं १९४७ साली! म्हणजे इकडून गेले त्याच वर्षी त्यांनी आपलं जुनं व्हर्जन टाकून दिलं आणि आपण ते आजतागायत सांभाळतोय. नव्या प्लगमध्ये त्यांनी एक छोटी, साधी गोष्ट केली होती. प्लगच्याच पोटात फ्यूज. दिव्याच्या माळेला ३ अँपिअरचा, किटलीला १३ चा. माळेची वायर केसासारखी बारीक असली तरी तिच्या मापाचा फ्यूज तिच्या सोबतच भिंतीपर्यंत येतो.

आपल्या प्लगमध्ये फ्यूज नाही. आपण ती बारीक वायरीची माळ सरळ भिंतीतल्या सॉकेटात घालतो, ज्याच्या मागे एमसीबी १६ अँपिअरचा असू शकतो. माळेत शॉर्ट झाला तर कधीकधी एमसीबी पडतो, पण नुसता अर्धवट शॉर्ट असेल आणि पाच-सहा अँपिअर वाहत राहिले तर बारीक वायर तापते, प्लास्टिक वितळतं, आणि मागे पडदा किंवा मखर असेल तर पुढचं सांगायला नको. एमसीबीला काहीच कळत नाही, कारण त्याच्याकडे दिलेलं काम भिंतीतली जाड वायर सांभाळायचं आहे. तुमची माळ त्याच्या हद्दीतच येत नाही.

आता चाळीत शिरू. गिरगावातल्या जुन्या घरांत तुम्ही अजून लाकडी केसिंग-कॅपिंग पाहिलं असेल. लाकडाची खाचा पाडलेली पट्टी, वर झाकण, आत रबराच्या वेष्टणाच्या तारा. त्यानंतर लाकडी बॅटनवर क्लिपांनी ठोकलेल्या वायरी आल्या. मग प्लास्टिकच्या पट्ट्या, आता भिंतीत गाडलेले पाइप. एखाद्या जुन्या खोलीत हे सगळे थर एकावर एक सापडतात, अगदी लेगसी कोडसारखे. कोणी जुनं काढत नाही, जुन्याला नवं जोडतं. साठ-सत्तरच्या दशकात तांबं दुर्मिळ आणि महाग, म्हणून अल्युमिनियमच्या वायरी घातल्या गेल्या. अल्युमिनियमचा स्वभाव असा की स्क्रूखाली दाबला की काही वर्षांत ढिला पडतो, वर ऑक्साइडचा थर धरतो, आणि ढिला जोड म्हणजे तापलेला जोड. वायरमनकाका वायरीची मापं सांगायचे "थ्री ट्वेंटी", "सेव्हन ट्वेंटी". म्हणजे वीस गेजच्या तीन तारा किंवा सात तारा. आता चौरस मिलिमीटर आले. दिव्याला एक ते दीड, सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार. पण जुन्या दुकानदाराला सात-वीस म्हटलं की त्याचा हात बरोबर गुंडाळीवर जातो.

आणि पांढऱ्या चिनीमातीचा किटकॅट फ्यूज! तो गेला की तार ओवायची. तार मिळाली नाही तर वायरमधली एक. एकाने पुन्हा उडतो म्हणून दोन. दोनाने भागत नाही म्हणून... असो. मुद्दा हा की फ्यूज या गोष्टीचा जन्म वायर जळू नये म्हणून झाला. माणूस वाचावा म्हणून नाही. एडिसनच्या काळापासून हेच. दहा बाय बाराच्या खोलीत एक बल्ब आणि एक पंखा असा जमाना होता तेव्हा हे खपून गेलं. मग फ्रिज आला, मिक्सर आला, गीझर आला. भार दहा पटीने वाढला, वायर तीच.

आणि या सगळ्याच्या वर, दर भाद्रपदात, रोषणाई.

१८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती बसला तेव्हा विजेचा प्रश्नच नव्हता. समया, तेलाचे दिवे, पुढे गॅसबत्त्या. मिरवणुकीत डोक्यावर फसफसणारी गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं तर पुढची कित्येक दशकं दिसत होती. वीज आली तसं चाळीतल्या पोरांचं डोकं चालायला लागलं. सहा व्होल्टचे चिमुकले बल्ब आणायचे, लाल-हिरव्या लाखेत बुडवायचे, आणि चाळीस बल्ब एकामागोमाग एका रांगेत जोडायचे. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस. थेट भिंतीत! एक बल्ब गेला की अख्खी माळ गुल, मग चोर शोधायला रात्रीचे दोन वाजणार. रनिंग लाइटसाठी लाकडी ड्रमवर तांब्याच्या पट्ट्या ठोकून तो मोटरने फिरवायचा, पट्टी आली की दिवा लागला, फट आली की विझला. विचार केला तर ते एक आणि शून्यच आहेत. लालबागच्या कितीतरी पोरांनी आमच्या आधी प्रोग्रॅमिंग केलंय.

या सिरीजच्या माळेत एक सापळा आहे आणि तो एलईडीच्या माळेत जसाच्या तसा उतरलाय, म्हणून जरा थांबून सांगतो. प्रत्येक बल्ब सहा व्होल्टचा. मग मनात येतं, सहा व्होल्टने काय होणार? माळ चालू असते तोवर एका बल्बच्या दोन टोकांत सहाच व्होल्ट असतात हे खरं. पण जमिनीच्या हिशोबाने रांगेतला पहिला बल्ब २३० वर आहे, मधला त्याच्या अर्ध्यावर. आणि एखादा बल्ब काढला किंवा वायर तुटली की करंट थांबतो आणि त्या फटीच्या दोन टोकांत पूर्णच्या पूर्ण २३० व्होल्ट येऊन उभे राहतात. बंद पडलेली माळ ही चालू माळेपेक्षा जास्त धोक्याची. आणि आपण हात कधी घालतो? बंद पडल्यावरच.

आता एलईडी. निक होलोनियाक यांचा लाल एलईडी १९६२ चा. त्यानंतर तीस वर्षं जगाकडे लाल होता, हिरवा होता, चांगला निळा नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. १९९३ मध्ये जपानच्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा बनवला. त्यांना आणि अकासाकी-अमानो यांना २०१४ चं नोबेल. आपल्याकडे जानेवारी २०१५ पासून सरकारी योजनेत घरोघरी बल्ब वाटले गेले, पुढे तिचं नाव उजाला झालं. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडलेला बल्ब दोन वर्षांत ५५ रुपयांच्या घरात आला. त्याच २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर राणीच्या रत्नहाराचे रंग गेले म्हणून केवढा गहजब! राजकारण झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी पिवळसर छटेचे एलईडी बसवावे लागले. रंगावरून आपण कोर्टात जातो, वायरवरून वायरमनकडेही जात नाही.

एलईडीने एक मोठं भलं केलं हे आधी मान्य करू. कंदिलातला साठचा बल्ब कागदाला चटका द्यायचा, मखरातला बल्ब थर्मोकोल वितळवायचा. झिरोचा बल्बसुद्धा नावालाच झिरो, प्रत्यक्षात दहा-पंधरा वॉट. एलईडी त्या मानाने थंड. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला कागदी कंदील आज रात्रभर लावून झोपता येतं. उष्णतेचा धोका खरोखर कमी झाला. त्यामुळेच विजेचाही झाला असं वाटायला लागलं, आणि गोची इथे आहे.

दुसरं भलं कमी लोकांना माहीत आहे. एलईडी घरातली जुनी पापं उघड करतो. बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो, किंवा दर काही सेकंदांनी डोळा मारतो, असं तुमच्याकडे होतं का? लोक म्हणतात बल्ब हलका निघाला. तसंही असेल. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा करंटही हे करतो, किंवा दोन लांब वायरी शेजारून गेल्या असतील तरी होतं. पण जुन्या घरात आणखी एक कारण सापडतं. स्विच फेजवर असायला हवा, तो न्यूट्रलवर बसवलेला असतो. बटण बंद केलं की दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत फेज येऊन उभीच असते. तारेच्या जुन्या बल्बला अशा झिरपणाऱ्या करंटची दखलही नव्हती, म्हणून तीस-चाळीस वर्षं हा बग कोणाला दिसला नाही. एलईडीला तेवढ्यानेही जाग येते. तेव्हा मिणमिणणारा बल्ब बदलण्याआधी परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, बटण बंद ठेवून होल्डरवर टेस्टर लावायला सांगा. टेस्टर पेटला तर स्विचच्या वायरी बदलून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्या माणसाच्या जिवाचं आहे.

लोहार चाळीतल्या माळांकडे वळू. त्या दोन जातींच्या असतात आणि बाहेरून सख्ख्या बहिणी दिसतात.

पहिली जात थेट २३० ची. प्लगजवळ एक छोटी डबी असते, लोक तिला अडॅप्टर समजतात. आत बहुधा चार डायोडचा रेक्टिफायर आणि झगमग बदलणारी चिप, एवढंच. ट्रान्सफॉर्मर नाही. म्हणजे भिंतीतली वीज आणि माळेतला शेवटचा दिवा यांच्यात काही आडपडदा नाही. माळ खाते पाच वॉट, पण सोललेल्या जागी हात लागला तर शॉक संपूर्ण २३० चा. मीटरवर कापून मिळणारी जाड पारदर्शक पट्टी, रोप लाइट, हीदेखील याच जातीची. तिच्या कापलेल्या टोकाला टोपण नसेल तर ते टोक म्हणजे उघडा सॉकेट. आणि हे आपण पावसात, लोखंडी कठड्याला बांधतो.

दुसरी जात १२ व्होल्टची. हिला खरा अडॅप्टर लागतो, ज्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने तोडतो. या पट्टीला ओल्या हाताने स्पर्श झाला तरी सहसा काही होत नाही. घरात, मखरात, पोरंबाळं हात लावतील तिथे मी डोळे मिटून हीच घ्या म्हणेन. पण हिचा स्वभाव उलटा. व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त. पाच मीटरच्या जाड दिव्यांच्या रिळाला मीटरला १४ वॉटच्या हिशोबाने सुमारे ७० वॉट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर सहा अँपिअर! आणि आपण तिला काय लावतो? घरात पडलेला जुन्या राउटरचा १ अँपिअरचा अडॅप्टर, कारण पिन बसते. तो तापतो, वास येतो, शेवटी जातो किंवा पेटतो. रिळावर वॉट लिहिलेले असतात, त्याच्या सव्वा पट ताकदीचा अडॅप्टर घ्या, बीआयएसची खूण बघून. अडॅप्टर मखराच्या आत किंवा कापडाखाली कोंबू नका, त्याला हवा लागते. लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं ते व्होल्टेज वाटेत गळल्यामुळे. दोन्ही टोकांनी पुरवठा द्या, अडॅप्टरचं व्होल्टेज वाढवू नका.

दुकानात ओळखायचं कसं? डबीवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही लिहिलेलं असेल आणि आउटपुट १२ किंवा २४ व्होल्ट डीसी असेल तर दुसरी जात. काहीच लिहिलेलं नसेल तर पहिली समजा आणि हाताच्या अंतराबाहेर, कोरड्या जागी लावा. पंधरा अँपिअरच्या सॉकेटात नको, दिव्याच्या सर्किटवर लावा. आणि वायरीची दोन टोकं सोलून सॉकेटात आगकाड्यांनी ठासायची आपली राष्ट्रीय पद्धत कृपा करून बंद करा. प्लग वीस-तीस रुपयांना मिळतो.

आता परत त्या चाळीस मिलिअँपिअरकडे. हे आकडे कुणी काढले? अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन करंट हळूहळू वाढवला आणि कुठवर माणूस हात सोडू शकतो ते मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळले जातात आणि हात सुटत नाही. आपण म्हणतो ना, "चिकटला"? वीज चिकटवत नाही, आपलीच मूठ वळते. १९६१ मध्ये डॅलझील यांनीच करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारं ट्रान्झिस्टरचं उपकरण बनवलं. दुसरीकडेही तसे प्रयत्न चालू होते, त्यातून आजचा आरसीसीबी आला. (जुने लोक ईएलसीबी म्हणतात.)

त्याची कल्पना अकाउंटंटची आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला म्हणजे कुठेतरी गळती आहे, कदाचित माणसातून. ताळा जमला नाही की पापणी लवायच्या आत पुरवठा बंद. एमसीबी किती खर्च झाला ते बघतो, आरसीसीबी हिशोब जुळतो का ते. घरातल्या साऱ्या सुरक्षेत चाळीस मिलिअँपिअर दिसणारा हा एकटाच. एक मर्यादा मात्र आहे. तुम्ही एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर हिशोब जुळतो आणि तो गप्प बसतो.

चाळीतल्या लोकांची एक शंका मी नेहमी ऐकतो, "आमच्याकडे अर्थिंगच नाही, मग हे बसवून काय उपयोग?" उपयोग आहे. गळती ओळखायला आरसीसीबीला अर्थिंगची वायर लागत नाही. अर्थिंग असेल तर फ्रिजचं पत्र्याचं अंग जिवंत झाल्या झाल्या, कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. नसेल तर हात लावल्यावर पडतो. झटका बसेल, पण जीव बहुधा वाचेल. दोन हजाराच्या आसपास खर्च, वर वायरमनची मजुरी.

खरी अडचण पैशाची नाही, मालकीची आहे. मीटरपर्यंतची वीज बेस्टची, मीटरपुढची ग्राहकाची. पण चाळ पागडीची. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठली. चाळीस-पन्नास रुपये भाडं घेणारा मालक जिन्याचं वायरिंग कशाला बदलेल? आणि भाडेकरू म्हणतो, बिल्डिंग उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार, आता कशाला पैसे घाला. ही "उद्या" कित्येक ठिकाणी वीस-वीस वर्षं लांबलेली. तोवर जिन्याखालच्या मीटर केबिनमध्ये जुन्या वायरींचं जंगल, शेजारी सायकली, पुठ्ठे, गेल्या वर्षीचं मखर. आग तिथे लागली की लाकडी जिना आधी जातो आणि खाली यायचा रस्ता तोच. अशा चाळीत मंडळाच्या रोषणाईसाठी बेस्टकडून तात्पुरता मीटर घेणं आणि जिन्याच्या दिव्यावरून वायर न ओढणं एवढंही पाळलं तरी पुष्कळ. केबिनमधला पसारा हलवायला तर कोणाची परवानगीही लागत नाही.

ज्यांच्या घरी आरसीसीबी आधीच आहे (नव्या टॉवरमध्ये बहुतेक असतो), त्यांनी डीबीचं झाकण उघडून बघा. त्यावर "टी" लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. त्यातून मुद्दाम गळती होते आणि घर अंधारात जायला हवं. गेलं नाही तर तो आरसीसीबी फक्त शोभेला आहे, बदलून घ्या. दाबायच्या आधी काम सेव्ह करा, राउटरही बंद होतो :-)